हलेल तर शपथ

भारतातून आलेला माणूस एकतर डॉक्टर असतो, नाहीतर इंजिनिअर, असा आमच्या शेजारच्या आजोबांचा पक्का समज आहे. आमच्या घरात दोन्ही नग हजर असल्यामुळे तो दूर होण्याची शक्यताही नाही. बायको दातांची डॉक्टर, मी धातुशास्त्राचा इंजिनिअर. त्यामुळे आजोबांचा गुडघा दुखला की ते तिला विचारतात आणि गवत कापायचं यंत्र कुरकुरलं की मला. हा आमचा विषय नव्हे, असं आम्ही दोघांनीही आपापल्या परीने सांगून पाहिलं. आजोबा ते विनयात जमा करतात.

पिट्सबर्गच्या पोलादाच्या भट्ट्यांपुढे त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. आता वय ऐंशीच्या पुढे, बोलणं मोजकं आणि तिरकं. कोणी काही विकायला दारात आलं तर त्याला पायरीवरूनच परत पाठवण्याची त्यांची हातोटी नारायण पेठेत शिकल्यासारखी वाटते. म्हणून मी मनातल्या मनात त्यांना तात्या म्हणतो, आणि इथेही तेच म्हणेन.

ऑक्टोबरात, झाडांनी रंग बदलायला घेतल्यावर, तात्या एक लांबलचक लोकरी मोजा घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मोज्यात काहीतरी ताठ होतं. "फिरत नाही," ते म्हणाले, आणि मोजा माझ्या हातात देऊन खुर्चीत बसले. मोज्यातून निघाली दीड हात लांब, बोटभर जाडीची, काळपट निळ्या पोलादाची नळी. दोन्ही टोकांना काच. रायफलीवर बसवायची जुनी दुर्बीण.

बायकोने स्वयंपाकघरातून एकच प्रश्न विचारला, "याच्या खालचा भाग कुठंय?"

"माझ्या घरी. कपाटात. कुलपात," तात्या म्हणाले.

"मग ठीक आहे. तो तिथेच राहू दे."

शस्त्रास्त्रांशी आमच्या घराण्याचा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापाशी सुरू होतो आणि जत्रेतल्या फुग्यांच्या बंदुकीपाशी संपतो. त्या फुग्यांच्या बंदुकीची नळी जरा वाकडी ठेवणं हा तर धंद्याचाच भाग असतो, त्यामुळे नेम वगैरे प्रकार मी कधी मनावर घेतला नव्हता. इथे, पेनसिल्व्हेनियात, गोष्ट वेगळी. इथे हरणाच्या शिकारीचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळा चक्क बंद असायच्या. २०१९ मध्ये सरकारी खात्याने तो सोमवार उचलून शनिवारी नेला. तात्यांनी अजून ते मान्य केलेलं नाही. पण ही दुर्बीण हरणांसाठी नव्हती. ती कागदासाठी होती. कागदावरच्या काळ्या वर्तुळांना भोकं पाडण्याचा जो एक शांत, डोकं थंड ठेवून करायचा खेळ आहे, तो तात्या तरुणपणापासून खेळत. आता त्यांची नात खेळते.

नातीची अडचण अशी. तिला 'ड्युअर कोर्स' नावाचा प्रकार खेळायचा आहे. त्यात वीस गोळ्या पन्नास यार्डांवर आणि वीस गोळ्या शंभर यार्डांवर मारायच्या असतात. अंतर बदललं की दुर्बिणीच्या पुढच्या टोकाची आकडे कोरलेली रिंग फिरवायची. आजोबांनी नातीला दुर्बीण दिली, नातीने रिंग फिरवायला घेतली, आणि रिंग शंभरावर बसली होती ती बसलीच. हलेल तर शपथ. गेली कित्येक वर्षं तात्या फक्त शंभर यार्डांवर खेळले, त्यामुळे ती फिरत नाही याने त्यांचं कधी अडलंच नव्हतं.

ही रिंग असते तरी कशाला? अंगठा डोळ्यांसमोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटला तर तो मागच्या भिंतीवर उड्या मारतो. याला पॅरलॅक्स म्हणतात. दुर्बिणीच्या आत बारीक रेघांची फुली असते. पुढच्या भिंगाने तयार केलेलं चित्र नेमकं त्या फुलीच्या पातळीवर पडलं तर फुली निशाणावर चिकटून राहते. चित्र जरा पुढे किंवा मागे पडलं, तर बघणाऱ्याची मान किंचित हलली तरी फुली निशाणावरून सरकते. बंदूक मात्र जिथल्या तिथे असते. म्हणजे हात स्थिर, श्वास रोखलेला, आणि नेम चुकतो तो मानेमुळे. निशाणाचं अंतर बदललं की चित्राची जागा बदलते, म्हणून पुढचं भिंग आट्यांवर थोडं पुढेमागे सरकवायचं. ते सरकवणारी ही रिंग, आणि ती आपोआप फिरू नये म्हणून तिच्या मागे तिला आवळून धरणारी दुसरी रिंग.

ही दुर्बीण आमच्याच गावची, हे मला नळीवरचं नाव वाचल्यावर कळलं. युनर्टल. जॉन युनर्टल हा जर्मनीतून आलेला कारागीर. त्याने १९३४ मध्ये पिट्सबर्गला स्वतःचा कारखाना काढला. त्याआधी तो फेकर नावाच्या माणसाकडे कामाला होता. फेकर वेधशाळांच्या दुर्बिणी बनवायचा, आणि जोडीला नेमबाजांच्याही. फेकरने जो धंदा हातात घेतला तो मुळात जॉन ब्रॅशिअरचा. हा ब्रॅशिअर (१८४०–१९२०) आमच्या साउथ साइडच्या पोलाद कारखान्यात यंत्रं सांभाळायचा, आणि रात्री घरी आल्यावर फीबी नावाच्या आपल्या बायकोबरोबर घरामागच्या कोळशाच्या खोपटात भिंग घासत बसायचा. पाच इंचांचं पहिलं भिंग पुरं व्हायला त्या दोघांना तीनेक वर्षं लागली. पुढे त्याची उपकरणं जगभरच्या वेधशाळांत गेली. तात्यांना ही वंशावळ सांगितली तेव्हा त्यांना दुर्बिणींचं विशेष काही वाटलं नाही. "कारखान्यातून दमून आल्यावर?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि बराच वेळ मान हलवली.

आकाशाकडे बघणाऱ्यांचा आणि नेम धरणाऱ्यांचा कारागीर एकच असावा, याचं मला तरी नवल वाटलं नाही, कारण आमच्या पुण्यालाही तसंच झालं होतं. आजच्या सीओईपीच्या, म्हणजे तेव्हाच्या सायन्स कॉलेजच्या आवारात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांची देणगी, आणि कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक तिचे सर्वेसर्वा. तिथली वीस इंची आरशाची दुर्बीण डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबची. नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याच्या ताऱ्यांसाठी दुर्बीण बनवणाऱ्या याच ग्रबने १९०० मध्ये तोफा-बंदुकांवर बसवायच्या काचेच्या नेम-यंत्राचं पेटंट घेतलं, आणि पहिल्या महायुद्धात त्याच्या कारखान्यात पाणबुड्यांचे पेरिस्कोप तयार होत होते. ताऱ्यावर काय किंवा कागदावर काय, फुली हलता कामा नये, एवढंच गिऱ्हाइकाचं मागणं. पुढे तो फुलीचं काय करतो हे कारागिराने विचारायची पद्धत नाही.

असो. रिंग.

जुन्या यंत्रातली वस्तू अडकते तेव्हा आपण गंजाच्या नावाने बोटं मोडतो. या प्रकरणात गंज जवळजवळ निर्दोष होता. पहिला गुन्हेगार होता ग्रीस. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेलं तेल. पन्नास-साठ वर्षांत तेल हळूहळू झिरपून, उडून जातं आणि मागे उरतो तो साबण, धुळीत मिसळून मेणासारखा घट्ट झालेला. म्हणजे रिंग सहज फिरावी म्हणून कोणीतरी प्रेमाने जे भरलं, त्यानेच ती धरून ठेवली. त्यातून ही रिंग ॲल्युमिनियमची आणि तिच्याखालची नळी पोलादी. दोन वेगळे धातू, मध्ये घामाचा ओलावा, की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. तीही आट्यांत जाऊन बसते.

आणि मग माणसं. भिंग लावून बघितल्यावर रिंगच्या कडेला दातेरी खुणा दिसल्या. पकडीच्या. कोणीतरी पूर्वी पक्कड लावून जोर केला होता. तात्यांना खुणा दाखवल्या. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिल्या आणि थंडपणे म्हणाले, "माझा मेव्हणा."

मेव्हणे बहुधा सगळ्याच देशांत सारखे असतात. पण मेव्हण्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. पातळ रिंग पकडीने दोन बाजूंनी दाबली की ती गोल राहत नाही, अंडाकृती होते, आणि आतल्या गोल नळीला दोन ठिकाणी घट्ट चावते. जितका जोर जास्त तितकी पकड घट्ट. मग माणूस आणखी जोर लावतो. मेव्हणा सामान्य बुद्धीचा माणूस असणार, पण ज्या लढाईत आपणच शत्रूला कुमक पाठवतोय ती लढाई जिंकणं त्याला काय, कोणालाच शक्य नव्हतं. हाताने फिरवतानाही हेच होतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरण्यापेक्षा तळव्यात सगळीकडून सारखी धरली तर कमी जोरात जास्त काम होतं. रबरी हातमोजा घातला तर आणखी बरं.

तात्यांनी जाऊन त्यांच्या गॅरेजमधली अर्धा डझन डबडी आणून ठेवली. अमेरिकन गॅरेजमध्ये जाम झालेल्या वस्तूंसाठी इतकी तेलं असतात की आपल्याकडच्या आयुर्वेदिक दुकानाने लाजावं. त्यात डब्ल्यूडी-४० हे तर घरोघरचं तीर्थ. १९५३ मध्ये सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने चाळिसाव्या प्रयत्नात ते तयार केलं. काम काय, तर धातूवरून पाणी हटवणं, म्हणजे ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये. पुढे लोकांनी ते सायकलच्या साखळीपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे मारलं आणि कंपनीने हरकत घेतली नाही. पुण्याहून माझ्या भावाने फोनवर रॉकेल सुचवलं. घरात रॉकेल नसतं म्हटल्यावर "मग तुम्ही तिथे काय वापरता?" असा त्याचा करुण प्रश्न आला. तात्यांच्या क्लबातल्या कोणीतरी ॲसिटोन आणि गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल समसमान मिसळायचा उपाय सांगितला होता. कारखान्यातल्या बोल्टसाठी तो उपाय उत्तम असेल. इथे तो ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

कारण या नळीत दोन नाजूक जीव राहतात. पहिला, पुढचं भिंग. ते एका काचेचं नसतं, दोन काचा एकमेकींना चिकटवून केलेलं असतं, म्हणजे रंगांच्या कडा पडत नाहीत. जुन्या काळी चिकटवायला कॅनडा बाल्सम वापरत, फर नावाच्या झाडाचा डिंक. तो वाळला की काचेइतकाच पारदर्शक होतो आणि प्रकाशाला जवळजवळ काचेसारखंच वळवतो, म्हणून दोन काचांमधला सांधा दिसतच नाही. पण शेवटी तो डिंकच. फार तापवला तर मऊ पडतो आणि ॲसिटोन लागलं तर विरघळतो. रिंगवर ओतलेलं तेल रिंगपाशी थांबेल याची काही हमी नसते. भेदक तेलाचं कामच भेदायचं. ते आट्यांतून आत जाऊन काचेवर पसरतं, आणि मग रिंग फिरते खरी, पण बघायला काही उरत नाही.

दुसरा जीव म्हणजे फुली. तिच्या रेघा कधी बारीक तारेच्या असत आणि कधी चक्क कोळ्याच्या धाग्याच्या. या धाग्याची हकिकत मला सगळ्या यंत्रशास्त्रात सर्वांत आवडते. इंग्लंडमध्ये यॉर्कशरचा विल्यम गॅस्कॉइन १६४० च्या सुमारास आपल्या दुर्बिणीशी खेळत होता. नळी उघडी राहिली आणि एका कोळ्याने आत धागा ताणला. गॅस्कॉइनने डोळा लावला तर धागा आणि दूरचं दृश्य दोन्ही एकदम स्पष्ट दिसले. नेम धरायची रेघ अशी एका कोळ्याने फुकट शिकवली. गॅस्कॉइन १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. पुढे १७८० च्या दशकात आमच्याच पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या डेव्हिड रिटनहाउसने आपल्या दुर्बिणीत मुद्दाम कोळ्याचे धागे बसवले. आणि दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियातल्या युकायपा गावच्या नॅन साँगर या बाईंनी घरी कोळी पाळले, त्यांत विषारी 'ब्लॅक विडो' सुद्धा, आणि त्यांचा धागा काढून नेम-यंत्रांसाठी पुरवला. आमच्या घरात कोपऱ्यात जाळं दिसलं की आई केरसुणी घेऊन धावायची. तीच गोष्ट कोणाच्या घरात युद्धाच्या कामाला येत होती.

तर अशा नळीला उपाय करायचा म्हणजे तेल कमीत कमी, ऊब बेताची आणि घाई अजिबात नाही. आधी बघणं. जाम झालेल्या वस्तूपुढे बसून नुसतं बघणं हे काम लोक कामात धरत नाहीत. लॉकची रिंग खरंच सुटली आहे का, आटे उजवे की डावे, कुठे छुपा स्क्रू आहे का. मी तेच करत होतो तेव्हा बायको दवाखान्यातून आली, कोट खुंटीला लावला, माझ्या हातातली नळी घेतली, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली धरून हळूहळू फिरवली आणि एका ठिकाणी थांबून नखाने टोकरलं.

"हा दात भरलेला आहे," ती म्हणाली.

रिंगच्या कडेवर, काळ्या रंगाखाली, मोहरीएवढा एक खळगा होता. खळग्यात मेण भरून वरून रंग दिला होता. तिने आपल्या पेटीतलं ते आकडेदार हत्यार आणलं, ज्याच्या नुसत्या दर्शनाने मला दरदरून घाम फुटतो, आणि मेण कोरून काढलं. आत एक इवलासा बिनडोक्याचा स्क्रू. कारखान्यातला तो नव्हताच. कधीतरी कोणा बंदूकदुरुस्तीवाल्याने रिंग शंभरावरून सरकू नये म्हणून भोक पाडून बसवलेला, आणि मग दिसू नये म्हणून व्यवस्थित बुजवलेला. काम इतकं सफाईचं होतं की बायकोने व्यावसायिक कौतुकाने मान डोलावली. मेव्हण्याने आयुष्यभर जोर लावला असता तरी ती रिंग फिरली नसती. तो एका स्क्रूशी कुस्ती खेळत होता आणि स्क्रू आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

मला वाटतं, या नळीकडे कोणी दुर्लक्ष केलं असतं तर ती एव्हाना सहज फिरली असती. रिंग गुळगुळीत चालावी म्हणून एकाने ग्रीस भरलं. ती हलू नये म्हणून दुसऱ्याने स्क्रू मारला. स्क्रू विद्रूप दिसू नये म्हणून त्यानेच मेण आणि रंग लावला. ती सुटावी म्हणून मेव्हण्याने पक्कड लावली. तात्या दर वर्षी वरून तेलाचं फडकं फिरवायचे, त्यावर धूळ बसायची. वाईट कोणीच चिंतलं नव्हतं. इतक्या जणांची माया एका आट्यात गोळा झाल्यावर तो हलणार कसा?

स्क्रू काढला तरी रिंग काही नाचायला लागली नाही. मग युक्ती जुनीच. पेल्यात पेला अडकला की आई आतल्या पेल्यात गार पाणी भरायची आणि बाहेरचा पेला गरम पाण्यात धरायची. धातू कोणता, किती प्रसरण पावतो, याची तिला फिकीर नव्हती. मला मात्र आकडेमोड केल्याशिवाय चैन पडेना. ॲल्युमिनियम ऊब लागल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. बत्तीस मिलिमीटर व्यासाची रिंग आणि आतली नळी दोन्ही चाळीस अंशांनी तापवली, तर रिंग नळीपेक्षा साधारण चौदा मायक्रॉन जास्त सैल होते. मिलिमीटरचे हजार भाग करून त्यातले चौदा. हे ऐकून तात्यांचं तोंड पडलं. "एवढंच?" पण त्यांच्याच दुर्बिणीच्या मागच्या बैठकीकडे बोट दाखवल्यावर त्यांना आकडा पटला. या जुन्या दुर्बिणींत वर-खाली आणि डावी-उजवीकडे करायची सगळी सोय नळीच्या आत नसून बाहेर, मागच्या बैठकीत असते. तिथे सूक्ष्ममापीसारखी दोन चाकं असतात. एक चाक नळीला उभं ढकलतं, दुसरं आडवं. पुढच्या आणि मागच्या बैठकीत ७.२ इंचांचं अंतर ठेवलं, की चाकाच्या एका 'टक्'ने नळीचं टोक अर्धा हजारांश इंच, म्हणजे तेरा मायक्रॉनच्या आसपास सरकतं आणि शंभर यार्डांवर गोळी पाव इंच बाजूला जाते. तात्या जन्मभर त्या एका टक्‌च्या हिशोबाने बक्षिसं घेत आले. तेवढीच सैल जागा रिंगला मिळणार होती.

केस वाळवायच्या यंत्राने ऊब दिली. हाताला सोसवेल इतपतच, कारण आत डिंक आहे. आट्यांच्या कडेला शिवणयंत्राच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. नळी आडवी, भिंग किंचित वर, म्हणजे थेंब आत उतरायचा मोह टाळेल. मग थांबणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊब, पुन्हा तेवढंच तेल. तात्या रोज संध्याकाळी यायचे, नळीकडे बघायचे, कॉफी प्यायचे आणि जायचे. त्यांची चौकशी आजाऱ्याला भेटायला येणाऱ्याची, आवाज खाली आणून केलेली. कधी आल्यावर नुसता "कसं काय?" विचारायचे, आणि मी मान हलवली की विषय हवामानाकडे.

सोडवताना आधी उलट्या दिशेने, म्हणजे आवळायच्या बाजूला किंचित रेटा द्यायचा असतो. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मेण झालेलं ग्रीस एकदा कुठूनही तुटलं पाहिजे, कोणत्या बाजूने तुटतं याला महत्त्व नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा रिंगवर गुंडाळला, तळव्यात धरली, थोडी आत, थोडी बाहेर. काही नाही. पुन्हा. मग अचानक एक सूक्ष्म 'कट्' असा आवाज आला. जाम झालेली वस्तू सुटते आणि वस्तू मोडते, या दोन्हींचा पहिला आवाज नेमका सारखा असतो. त्यानंतरचा अर्धा सेकंद फार मोठा. रिंग केसभर सरकली होती. मागे घेतली, पुढे नेली, आणखी केसभर. बायकोने लांबूनच विचारलं, "निघाला?" दात काढल्यावर विचारतात त्याच सुरात.

पुढची साफसफाई ही निव्वळ मजुरी. तिचं वर्णन करून कोणाचं भलं होणार नाही, एक गोष्ट सोडून. रिंग पूर्ण उलगडताना आटे ज्या क्षणी सुटतात तिथे पेन्सिलीने खूण करावी. परत लावताना आटा दुसऱ्याच जागी पकडला तर भिंग फिरेल, रिंग फिरेल, सगळं सुरेख फिरेल आणि वरचे आकडे मात्र खोटं बोलतील. जुना साबण दात टोकरायच्या काडीने आणि लायटरच्या पेट्रोलने काढला. आत काय काय निघालं त्यात एका बारीक किड्याचा पंखही होता. तो तिथे कसा पोचला हे मी तात्यांना विचारलं. त्यांनी मेव्हण्याकडे बोट दाखवायची संधी सोडली नाही.

नव्या ग्रीसच्या निवडीवरून मात्र मतभेद झाले. मी पातळ ग्रीस घातलं होतं. रिंग लोण्यात सुरी फिरावी तशी फिरत होती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. तात्यांनी एका बोटाने ती फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही तर वाऱ्यानेही फिरेल," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना तिच्या नकाराची सवय झाली होती. काही प्रतिकार न करणारी रिंग त्यांना बेभरवशाची वाटली, आणि खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं. कॅमेऱ्याच्या जुन्या भिंगांत मुद्दाम जाड, चिवट ग्रीस घालतात ते याचसाठी. बोटाला किंचित विरोध जाणवला की कुठे थांबायचं ते बोटाला कळतं. मग पातळ पुसून जाड घातलं. तात्यांनी फिरवून पाहिलं, ओठ मुडपले. पसंतीची त्यांची ती पद्धत.

तपासणी आमच्या मागच्या अंगणात झाली. खरं तर पुढच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचा खांब दिसतो आणि अंतरही सोयीचं होतं, पण बायकोने हात आडवा घातला. "या देशात खिडकीतून असली नळी बाहेर काढून दोन माणसं बसली तर पोलिस आधी येतात आणि खुलासा नंतर होतो." म्हणून मागे, जंगलाच्या बाजूला. तात्यांनी टेप लावून पन्नास यार्ड मोजले. नेमकं तिथल्या झाडावर पक्ष्यांचं लाकडी घरटं होतं. वाळूच्या पिशवीवर नळी ठेवली, रिंग पन्नासावर आणली. नातीने डोळा लावला आणि मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली हलवली.

"फुली हलत नाही," ती म्हणाली.

मग तिने रिंग शंभरावर नेऊन तेच केलं, आणि आता फुली त्या घरट्याच्या भोकावर डुलते आहे असं हसून सांगितलं. परत पन्नासावर. तात्यांनी डोळा लावला. त्यांनाही तेच दिसलं असावं, कारण ते काही बोलले नाहीत. मग बायकोने बघितलं आणि घरट्याच्या दाराची एक फळी किडली आहे असं निदान केलं.

सामान आवरताना मला मागच्या बैठकीतलं आडवं चाक दिसलं. सहज फिरवून बघावं म्हणून हात लावला. हलेल तर शपथ. तेही जाम होतं. मी उत्साहाने तात्यांना म्हटलं, आता हात तेलाने भरलेच आहेत, हेही सोडवून टाकू. तात्यांनी माझ्या हातातून नळी जवळजवळ हिसकावून घेतली.

"त्याला हात लावू नकोस," ते म्हणाले. "ते बरोबर जागी अडकलंय."

"पण वारा सुटला तर? गोळी बाजूला जाणार. मग चाक फिरवावं लागेल ना?"

तात्यांनी नळी मोज्यात घातली, मोज्याच्या तोंडाला गाठ मारली आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

"वारा सुटला तर थांबायचं," ते म्हणाले, आणि नातीला घेऊन कुंपणाच्या फटीतून आपल्या घराकडे गेले.